ओल्या दाण्याची गोष्ट: सोलापूरची शेंगाचटणी आणि युरोपचे दार

नेदरलँड्समधील एखाद्या मध्यम शहरात भारतीय किराण्याचे दुकान असते. तांदळाच्या गोण्या, डाळी, लोणच्यांच्या बरण्या आणि त्यांच्या मागे, कोपऱ्यात, गडद तांबड्या चटणीची चारदोन पाकिटे. पाकिटावर देवनागरीत ‘सोलापुरी शेंगा चटणी’ असे छापलेले असते आणि त्यावर एक पांढरी चिकटपट्टी लावलेली असते. त्या पट्टीवर डच भाषेत घटकांची यादी असते आणि यादीतला ‘पिंडा’ हा शब्द इतरांपेक्षा ठळक असतो. पिंडा म्हणजे शेंगदाणा.

ही बोटभर रुंदीची पट्टी म्हणजे दीड शतकाच्या इतिहासाचा शेवटचा थर होय. या इतिहासात बार्शीची पेठ आहे, मार्सेलचे साबण कारखाने आहेत, इंग्लंडमधील एक लाख टर्की पक्ष्यांचा मृत्यू आहे आणि शेंग फोडण्यापूर्वी तिच्यावर पाणी शिंपडण्याची एक जुनी, साधी, घातक सवय आहे.

सोलापुरात ‘शेंगा’ म्हटले की भुईमुगाच्याच शेंगा समजायच्या. शेवग्याची, गवारीची किंवा मटाराची शेंग सांगायची तर तिचे पूर्ण नाव घ्यावे लागते. सीमेपलीकडे कानडी मुलखातही शेंगदाण्याला ‘शेंगा’च म्हणतात. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषा ज्या शहरात एका गल्लीत नांदतात, तिथे हा शब्द कोणी कोणाकडून घेतला हे विचारण्यात फारसा अर्थ नाही.

गंमत अशी की ज्या दाण्यावर सोलापूरचा एवढा हक्क, तो मुळात परका आहे. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. युरोपीय दर्यावर्दींच्या व्यापारातून तो आफ्रिका आणि आशियात पसरला. मिरचीही तिकडचीच. म्हणजे शेंगाचटणीतील दोन प्रमुख घटक युरोपच्या जहाजांतून आले, आणि चटणी होऊन युरोपच्या दाराशी परत गेले तेव्हा त्यांना ओळखपत्र दाखवावे लागले.

आता बार्शीकडे वळू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1860 मध्ये सोलापूरला पोहोचली. मुंबई बंदर आणि दख्खनचे पठार यांच्यातले अंतर बैलगाडीच्या हिशेबातून निघून तासांच्या हिशेबात आले. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई ते भूमध्य समुद्र हा प्रवासही आटोपशीर झाला. कापूस, जवस, करडई, तीळ, भुईमूग असा पठारावरचा माल युरोपच्या कारखान्यांना परवडू लागला.

बार्शी मुख्य लोहमार्गापासून बाजूला होती, पण पेठ मोठी. निजामाच्या मुलखातला माल सरहद्द ओलांडून इथे येई आणि कापूस व तेलबिया इथून मुंबईस जात. ही पेठ मुख्य मार्गास जोडण्यासाठी एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीच्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे उभारली. 1897 मध्ये ती सुरू झाली. 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये लातूर, 1927 मध्ये मिरज असे तिचे फाटे वाढत गेले. पंढरीच्या वारकऱ्यांची गाडी म्हणून ती लोकांच्या आठवणीत राहिली आहे. परंतु तिच्या मालडब्यांतून तेलबियांची पोतीही जात होती, हे त्या आठवणीत सहसा नसते.

युरोपला हा शेंगदाणा खाण्यासाठी नको होता. फ्रान्समधील मार्सेल हे साबणाचे शहर होते आणि साबणासाठी तेल लागे. पश्चिम आफ्रिकेतून, विशेषतः सेनेगलमधून, तिकडे जहाजे भरून शेंगा येत. भारतातून, प्रामुख्याने पाँडिचेरी आणि मद्रास किनाऱ्यावरून आणि पुढे मुंबईहूनही, माल जाऊ लागला. नेदरलँड्समध्येही 1884 साली डेल्फ्ट येथे तेलाचा मोठा कारखाना निघाला. तो पुढे काल्व्हे या फ्रेंच नावाशी जोडला गेला.

आफ्रिकेतील शेंग टरफलासकट जाई, कारण अंतर कमी होते. भारतातून टरफले वाहून नेणे परवडेना, म्हणून इथे शेंग फोडून नुसता दाणा पाठवीत. फोडण्याचे काम हाताने होई. कोरडी शेंग हाताने फोडणे कष्टाचे, आणि काठीने बडवली तर दाणा दुभंगतो. त्यावर उपाय सोपा होता. शेंगांवर पाणी मारायचे. टरफल मऊ पडते, दाणा अखंड निघतो, मजुरी वाचते आणि वजनही थोडे वाढते.

हा ओला दाणा पोत्यात भरून आठवडेच्या आठवडे जहाजाच्या उबदार पोटात राहिला की काय होणार, हे कोणत्याही सोलापुरी गृहिणीने सांगितले असते. मार्सेलला पोहोचेपर्यंत तो बुरसटे आणि त्याचे तेल खवट निघे. फ्रेंच खरेदीदार तक्रार करीत आणि भारतीय दाण्याला आफ्रिकी दाण्यापेक्षा कमी भाव देत. विसाव्या शतकाच्या आरंभी शेंगा कोरड्या फोडणारी यंत्रे येऊ लागली तेव्हा ही तक्रार हळूहळू कमी झाली. पण ती केवळ भावाची तक्रार होती. बुरशी म्हणजे नुकसान, एवढेच त्या काळी ठाऊक होते. तेलाचे साबण होणार, उरलेली पेंड गुरे खाणार. बुरशीत विष असू शकते ही शंका कोणाच्या मनाला शिवली नव्हती.

सोलापूरच्या दाण्याचा युरोपशी पहिला संबंध हा असा आला. पोत्यातला, निनावी, जिल्ह्याचे नाव पुसलेला. युरोपातील ग्राहकाच्या हाती साबणाची वडी पडे. तिच्यात बार्शीचा अंश होता की नव्हता हे कोण सांगणार?

खाण्याचा डबाबंद माल मात्र वेगळ्या वाटेने जात होता. हिंदुस्थानातली नोकरी संपवून मायदेशी परतलेल्या इंग्रजांना इथली चव सुटत नव्हती. त्यांच्यासाठी मुंबई, मद्रास, कलकत्ता येथील व्यापारी मसाल्याचे डबे आणि आंब्याच्या गोड चटणीच्या बाटल्या विलायतेस पाठवीत. मुंबईच्या मेरवानजी पूनजियाजी या पारशी पेढीच्या ‘सन’ छाप मसाल्याच्या डब्यावर 1876 हे स्थापनावर्ष अभिमानाने छापले जाई. मसाला मुंबईचा, पण डब्यावर नाव मद्रासचे, कारण इंग्रजाच्या मनात तिखटाचे गाव म्हणजे मद्रास. गावाच्या नावाने माल विकण्याची युक्ती अशी जुनी आहे.

भारतीय खाणाऱ्यासाठी असा कोणताही व्यवहार नव्हता. 1888 मध्ये शिक्षणासाठी लंडनला गेलेल्या गांधींना मिठाई आणि मसाले घरून येत असत. पुढे आहाराचे प्रयोग सुरू झाल्यावर त्यांनी ते घेणे थांबवले, असे त्यांनीच आत्मचरित्रात नोंदवले आहे. घरून येणारे गाठोडे हाच तेव्हाचा आयात-व्यापार होता. न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने 1932 मध्ये लंडनचे महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले तेव्हाही विलायतेतील मराठी माणसांची संख्या इतकी थोडी होती की त्यांच्यासाठी वेगळा किराणा ठेवावा असे कोणा दुकानदाराला वाटण्याचे कारण नव्हते. मुंबईत तोवर गिरगावचे बेडेकर मसाले आणि लोणची घरोघर पोहोचवू लागले होते. पाकिटातला मसाला मराठी मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडत होता. समुद्र ओलांडण्यास त्याला अजून गिऱ्हाईक नव्हते.

त्याच 1932 साली नेदरलँड्समध्ये घडलेली एक गोष्ट या कथेला फार जवळची आहे. बार्न नावाच्या गावात ‘कोनिमेक्स’ ही कंपनी निघाली. डच वसाहतीतून, म्हणजे आजच्या इंडोनेशियातून, परतलेल्या कुटुंबांना सोया सॉस, मिरचीचा ठेचा, मसाले असे जिन्नस हवे असत. ते आणणे, बाटलीत भरणे आणि विकणे हा तिचा धंदा. देश लहान, गिऱ्हाईक मोजके, माल हजारो मैलांवरचा. लहान युरोपीय बाजारपेठेत आशियाई किराणा कसा रुजतो याचा हा जवळजवळ नमुना आहे. आरंभी तो परतलेल्यांच्या आठवणीवर जगतो, मग शेजारी चाखून पाहतात आणि दोन पिढ्यांनी तो ‘आपला’ होतो.

शेंगदाण्यानेही तिथे असाच शिरकाव केला. 1930 च्या दशकातील मंदीत रॉटरडॅम बंदरातले चिनी खलाशी बेकार झाले. जहाजांच्या भट्टीत कोळसा लोटणारी ही माणसे गळ्यात पत्र्याचा डबा अडकवून रस्त्यावर शेंगदाण्याची चिक्की विकू लागली. डच लोकांनी त्यांना ‘पिंडावाला चिनी’ असे नाव ठेवले. नाव हिणवणारे होते, चिक्की मात्र खपली. 1948 मध्ये काल्व्हे कंपनीने शेंगदाण्याचे लोणी बाजारात आणले. ‘लोणी’ हा शब्द दुधाच्या लोण्यासाठी कायद्याने राखीव, म्हणून डच भाषेत त्याचे नाव पडले ‘पिंडाकास’, म्हणजे शेंगदाण्याचे चीज! आज ते डच न्याहरीचे अविभाज्य अंग आहे. पाकिटावर काय लिहावे आणि काय लिहू नये याची युरोपीय काटेकोरता सोलापूरच्या चटणीपासून सुरू झालेली नाही, हे यावरून ध्यानात यावे.

ब्रिटनमध्ये चित्र पालटले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. लक्ष्मीशंकर पाठक हे गुजराती गृहस्थ 1956 मध्ये केनियातून कुटुंबासह लंडनला आले आणि घरच्या स्वयंपाकघरात समोसे-मिठाई करून विकू लागले. पुढे लोणची आणि मसाल्यांचे वाटण बरण्यांत भरून त्यांनी ‘पटाक्स’ या नावाने मोठा उद्योग उभारला. इंग्रजांना उच्चार सोपा जावा म्हणून आडनावाच्या इंग्रजी रूपातले ‘एच’ हे अक्षर त्यांनी गाळले. 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले. सुमारे 27 हजार निर्वासित ब्रिटनमध्ये आले आणि त्यांच्याबरोबर दुकानदारीचे पिढीजात ज्ञानही आले. कोपऱ्यावरचे भारतीय किराण्याचे दुकान तेथून युरोपच्या नकाशावर स्थिर झाले. मराठी पाकिटे या गुजराती-पंजाबी फडताळांवर पाहुण्यासारखी बसली ती पुष्कळ नंतर, संगणक अभियंत्यांची आणि विद्यार्थ्यांची पिढी तिकडे गेल्यावर.

परंतु त्याआधीच, 1960 मध्ये, शेंगदाण्याच्या नशिबात मोठा उलटफेर झाला होता.

त्या वर्षी इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची पिल्ले पटापट मरू लागली. काही महिन्यांत मृतांची संख्या एक लाखावर गेली. रोगजंतू सापडेना, म्हणून या व्याधीला ‘टर्की एक्स रोग’ म्हणू लागले. शोध घेता घेता बोट खाद्यावर गेले. ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत दोष होता. त्या पेंडीत ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीने तयार केलेले विष सापडले. बुरशीच्या नावातील अक्षरे जोडून त्याला ‘अ‍ॅफ्लाटॉक्सिन’ हे नाव मिळाले. पुढे इतर अनेक देशांतून आलेल्या शेंगदाण्यातही ते आढळले. मार्सेलचे व्यापारी ज्या बुरशीपायी भाव पाडून मागत होते, तिच्या पोटात हे दडले होते.

हे विष यकृतावर आघात करते. अल्प प्रमाणात दीर्घकाळ पोटात गेले तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. भाजल्याने ते पूर्ण नष्ट होत नाही. कुटल्याने तर नाहीच. रंग, वास, चव यांवरून ते ओळखता येत नाही. खवट दाणा जिभेला कळतो. पण चवीला ठीक लागणारा दाणाही विषारी असू शकतो.

हा परक्यांचा बागुलबुवा नव्हता, हे 1974 मध्ये भारताला कळून चुकले. राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन आदिवासी वस्त्यांमध्ये काविळीची साथ पसरली. सुमारे 400 लोक आजारी पडले आणि शंभराहून अधिक दगावले. मका अवकाळी पावसात भिजला होता आणि घरात दुसरे धान्य नव्हते. इथेही ओल आणि गरिबी एकत्र आल्या होत्या.

युरोपीय देशांचे याबाबतचे नियम आरंभी वेगवेगळे होते. युरोपीय संघाने ते 1998 मध्ये एकत्र केले आणि 1999 पासून लागू केले. थेट खाण्याच्या शेंगदाण्यात आणि त्याच्या पदार्थांत एकूण अ‍ॅफ्लाटॉक्सिन प्रतिकिलो 4 मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे आणि त्यातील सर्वांत घातक प्रकार, बी-1, 2 मायक्रोग्रॅमहून अधिक नसावा. एक टन दाण्यात 4 मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या मोजक्या कणांएवढे! भारतात ही मर्यादा दीर्घकाळ 30 मायक्रोग्रॅम होती, पुढे ती बरीच खाली आणली गेली.

या कडकपणावर टीकाही झाली. 2001 मध्ये जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला की नव्या नियमांपायी आफ्रिकेच्या धान्य, सुका मेवा व फळांच्या निर्यातीला वर्षाला सुमारे 670 दशलक्ष डॉलरचा फटका बसेल आणि त्या बदल्यात युरोपात वाचणारे जीव दर अब्जामागे दोनहून कमी असतील. हा आकडा जगभर गाजला. पुढच्या अभ्यासकांनी प्रत्यक्ष व्यापाराची आकडेवारी तपासली तेव्हा एवढा फटका दिसून आला नाही. नियम जाचक होते, पण ते केवळ परका माल अडवण्यासाठी रचले होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांच्या मुळाशी मेलेले पक्षी आणि मेलेली माणसे होती.

दाण्याचे झाले, आता तिखटाचे. मे 2003 मध्ये फ्रान्समध्ये भारतातून आलेल्या मिरचीच्या मालात ‘सुदान-1’ हा रंग सापडला. हा रंग मेण, बूटपॉलिश अशा वस्तूंसाठीचा. अन्नात त्याला बंदी. जुनी, फिकटलेली मिरची लालभडक दिसावी म्हणून कोणीतरी तो मिसळला होता. जून 2003 मध्ये युरोपीय संघाने मिरचीच्या प्रत्येक खेपेसोबत तपासणीचा दाखला सक्तीचा केला. भारताच्या मसाले मंडळानेही निर्यातीच्या मिरचीची तपासणी अनिवार्य केली.

तरी एक जुना साठा निसटून गेलेलाच होता. फेब्रुवारी 2005 मध्ये ब्रिटनमध्ये उघड झाले की 2002 साली आयात झालेली रंगमिश्रित मिरची एका सॉसमध्ये गेली आणि तो सॉस पुढे शेकडो तयार खाद्यपदार्थांत वापरला गेला. चारशेहून अधिक उत्पादने दुकानांतून परत घ्यावी लागली. मूठभर लबाडांनी केलेल्या भेसळीची किंमत पुढे प्रत्येक प्रामाणिक मिरचीवाल्याने चाचणीच्या शुल्काच्या रूपाने मोजली, आणि अजूनही मोजतो आहे.

म्हणजे पाहा: शेंगाचटणीत शेंगदाणा आहे, त्यावर अ‍ॅफ्लाटॉक्सिनचा पहारा. मिरची आहे, तिच्यावर रंगाचा आणि पुन्हा अ‍ॅफ्लाटॉक्सिनचाच पहारा. कडक भाकरीवर तीळ लावले तर 2020 पासून तेही संशयित झाले, कारण त्या वर्षी बेल्जियममध्ये भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड या निर्जंतुक करणाऱ्या वायूचे अवशेष सापडले. उरले लसूण, जिरे आणि मीठ.

ज्या शहरात ही चटणी होते, त्याची स्वतःची घडी याच काळात विस्कटली. 1877 मध्ये सुरू झालेली ‘जुनी गिरणी’ आणि पाठोपाठ आलेल्या नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्यांनी सोलापूर घडवले होते. 1930 च्या मे महिन्यात लष्करी कायदा झुगारून देण्याची रग या गिरणगावातूनच आली. त्या गिरण्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक करून बंद पडल्या. पुरुषांचे काम गेले. बायका विड्या वळत होत्या, त्या वळत राहिल्या. आणि काही घरांनी घरात जे येत होते तेच विकायला काढले. ज्वारीची पातळ, वाळवून कडक केलेली भाकरी आणि शेंगाचटणी.

दोन्ही पदार्थ मुळात प्रवासाचेच. दुष्काळी मुलखात ताजी भाजी वर्षभर मिळत नाही. कडक भाकरी आठवडे टिकते, चटणीला ना शिजवणे ना पाणी. यात्रेला, बाजाराला, शेतावर न्यायची ही शिदोरी. सोलापुरी चटणीचे वैशिष्ट्य तिच्या कुटण्यात आहे. भाजून सोललेले दाणे, तिखट, लसूण, जिरे, मीठ उखळात घालून इतके कुटायचे की दाण्याचे तेल सुटून चटणीचा गोळा बांधला जावा. कोरड्या भुकटीला इथे चटणी म्हणत नाहीत. आज उखळाची जागा कांडप यंत्राने घेतली आहे, पण तेल सुटेपर्यंत थांबायचे नाही ही चूक अजूनही माफ होत नाही. भाकरीवर चटणी आणि चटणीवर घट्ट दही, एवढ्यात जेवण होते.

विमानाच्या सामानातून ही चटणी पूर्वीपासूनच जात आहे. दुधाचे पदार्थ युरोपात सोबत नेण्यास बंदी, ताज्या फळभाज्यांवर बंधने. म्हणून पेढे राहतात आणि चटणी जाते. नव्याने शिकायला निघालेल्या मुलाच्या बॅगेत आईने कपड्यांच्या घड्यांमध्ये सरकवलेले पाकीट हे गांधींच्या काळातल्या त्या गाठोड्याचेच आजचे रूप आहे. प्रश्न व्यापाराचा आला की सुरू होतो.

समजा, एखाद्या बचतगटाला आपली चटणी डेन्मार्क, आयर्लंड किंवा लक्झेंबर्गसारख्या लहान देशात पाठवायची आहे. तिथले गिऱ्हाईक मोजके, म्हणून खेप लहान. प्रयोगशाळेतील चाचणीचे शुल्क मात्र खेपेच्या वजनावर ठरत नाही. शंभर किलोला आणि दहा टनांना चाचण्या त्याच. कागदपत्रे तीच. बंदरावर युरोपीय अधिकारी भारतीय शेंगदाण्याच्या ठरावीक टक्के खेपा थांबवून नमुने घेतात. तो टक्का आयोग वेळोवेळी बदलतो, आणि खेप अडली की गोदामाचे भाडे आयातदाराच्या माथी. त्यात अ‍ॅफ्लाटॉक्सिनचा स्वभाव असा लहरी की हजारो निरोगी दाण्यांत एखादाच विषारी असतो. नमुन्यात तो आला तर सारी खेप नापास, नाही आला तर पास. सोलापुरात उत्तीर्ण झालेला माल रॉटरडॅमला नापास होऊ शकतो, आणि त्यात दोन्हीकडची तपासणी खरी असू शकते.

यावर व्यापाराने काढलेला तोडगा म्हणजे एकत्र भरणे. मुंबई-नवी मुंबईचे निर्यातदार वेगवेगळ्या गावांचा माल गोळा करतात. एकाच कंटेनरमध्ये पोहे, पापड, पिठे, मसाले, लोणची आणि जागा उरली तर चटणीची खोकी. न्हावा-शेवाहून तो लंडन गेटवे, रॉटरडॅम किंवा हॅम्बुर्गला उतरतो. युरोपीय संघाची बाजारपेठ 1993 पासून एकसंध असल्याने रॉटरडॅमला एकदा आत आलेला माल पुढे लक्झेंबर्गपर्यंत सीमाशुल्काविना जातो. लहान देशांचा भारतीय किराणा अशा रीतीने मोठ्या बंदराच्या मागच्या दाराने पोहोचतो. या साखळीत सोलापूरची बाई कंटेनरही पाहत नाही आणि गिऱ्हाईकही. तिच्यापर्यंत मागणीचा आकडा तेवढा येतो.

माल सीमेपार मोकळा फिरला तरी भाषा फिरत नाही. डिसेंबर 2014 पासून लागू असलेल्या नियमांनुसार पाकिटावरील माहिती त्या त्या देशातील ग्राहकाला कळणाऱ्या भाषेत हवी आणि चौदा विशिष्ट घटकांची नावे यादीत उठून दिसली पाहिजेत, कारण काहींना त्यांची जीवघेणी वावडी असते. शेंगदाणा त्या चौदांत आहे. शंभर पाकिटांसाठी कोणी फिनिश भाषेत नवे वेष्टण छापत नाही. म्हणून आयातदार किंवा दुकानदार चिकटपट्ट्या छापून एकेका पाकिटावर हाताने लावतो. जर्मन पट्टीवर ‘एर्डनुस’ येते, फिनिश पट्टीवर ‘मापाह्किना’. दोन्ही शब्दांचा अर्थ ‘भुईतला दाणा’ असा होतो. भुईमुगाला नाव ठेवताना दूरदूरच्या माणसांना एकच गोष्ट सुचली, हे पाहून बरे वाटते.

बड्या व्यापाऱ्यांनी या कटकटीला आपल्या परीने उत्तर दिले. त्यांनी तोंड फिरवले. भारताचा खाण्याचा शेंगदाणा आज मुख्यतः इंडोनेशिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स, मलेशिया अशा देशांत जातो आणि युरोपचा वाटा लहान आहे. ज्यांनी युरोपची वाट धरली, त्यांच्यासाठी अपेडा या सरकारी संस्थेने ‘पीनट डॉट नेट’ ही नोंदव्यवस्था उभी केली. दाणा कोणत्या कारखान्यात सोलला, कुठे साठवला, नमुना कोणी घेतला याची साखळी तीत नोंदवली जाते. मार्सेलला जाणारे पोते निनावी होते. आता पोत्याला नाव आले.

पण साखळीचे पहिले टोक यंत्रात नाही, खळ्यावर आहे. बुरशी दाण्यात शिरते ती पुष्कळदा जमिनीतच. शेंग भरण्याच्या शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पाऊस दडला आणि माती तापली की वेल मलूल होते आणि बुरशीला वाट मिळते. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात हे काही अपवादाने घडत नाही. उपटलेल्या वेली ढीग न घालता शेंगा वर करून वाळवणे, ओलावा साधारण आठ टक्क्यांपर्यंत उतरल्याशिवाय पोती न भरणे, पोती भिंतीला व ओल्या जमिनीला न टेकवणे, फुटक्या व सुरकुतलेल्या शेंगा वेगळ्या काढणे ही सारी बिनखर्चाची नसली तरी अल्पखर्चाची कामे आहेत. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावरच पाटनचेरूला ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था 1972 पासून उभी आहे. तिथे या विषावर अनेक वर्षे काम झाले आणि अ‍ॅफ्लाटॉक्सिनची स्वस्त चाचणीही विकसित झाली.

आणि तरीही शेंगा फोडण्यापूर्वी पाणी मारण्याची सवय सर्वत्र सुटलेली नाही. यंत्र आले तरी कोरडी शेंग यंत्रात घातली की दाणा फुटतो आणि फुटक्या दाण्याला भाव कमी; म्हणून आजही काही ठिकाणी आदल्या रात्री ढिगावर पाणी शिंपडतात. मार्सेलच्या व्यापाऱ्याने ज्याचे पैसे कापले, त्याच कारणासाठी रॉटरडॅमचा अधिकारी खेप परत पाठवतो.

निर्यातीच्या दाण्याला बाजारात ‘एचपीएस’ म्हणतात, म्हणजे हाताने वेचून निवडलेला दाणा. रंग ओळखणारी यंत्रे आली असली तरी शेवटची निवड बहुधा बायकाच करतात. सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बसून काळपट, सुरकुतलेला, डागी दाणा बोटांनी टिपत जायचे. अ‍ॅफ्लाटॉक्सिनचा मोठा भाग अशाच डागी दाण्यांत असतो, म्हणून ही निवड हीच खरी चाळणी आहे. टिपलेला दाणा टाकून दिला जात नाही. त्याचे वेगळे पोते भरते आणि ते कमी भावाने विकले जाते. बहुतेक तेलाच्या घाण्याला, कधी स्वस्त चिक्कीला, कधी आणखी कुठे. युरोपला गेलेल्या खेपेबरोबर प्रयोगशाळेचा अहवाल जातो. या दुसऱ्या पोत्याबरोबर अडत्याची पावती असते.